आतून वाकलेले खांब

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. वही कॉलेजची आहे. पुढची पानं फाडून टाकली, त्यांवर मातीच्या घनतेविषयी काहीतरी होतं.

कॉलेज मी का सोडलं ते एकदा लिहून मोकळा होतो. सरांनी माझी ड्रॉइंग शीट खिडकीतून बाहेर टाकली. मी शीटमागोमाग बाहेर पडलो. दारातून पडलो, पण परत गेलो नाही, हे महत्त्वाचं. तेव्हापासून मी आमच्या गाद्यांच्या दुकानात बसतो आणि बाबा माझ्याशी दोनच वाक्यं बोलतात. सकाळी "शटर वर कर", संध्याकाळी "शटर खाली कर".

आज शटर अर्धं वर केलं आणि हात तिथेच राहिला. समोर रस्त्यावर एक मुलगी खडूनं लांबलचक रेघ ओढत होती. रेघ ओढली, मागे सरकून एक डोळा बारीक करून बघितली, पायानं पुसली आणि पुन्हा ओढली. स्वतःची चूक इतक्या शांतपणे पुसणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

आतून बाबा म्हणाले, "आज अर्धंच दुकान उघडायचं आहे का?"

हे तिसरं वाक्य. दिवस ऐतिहासिक आहे.

५ फेब्रुवारी

सगळं कळलं. आमच्या रस्त्याची नव्यानं आखणी होणार आहे. पक्कं बांधकाम करण्याआधी फुटपाथला लागून सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवून बघणार. गाड्या आत घुसू नयेत म्हणून पट्ट्याच्या कडेनं रबरी बुडाचे नारिंगी खांब. महिनाअखेरीस दुकानदार संघानं नको म्हटलं तर पट्टा पुसणार आणि तिथे पूर्वीसारख्या गाड्या लागणार. खडूवाली ती याच कामाची प्रमुख. सगळी दुकानं तिला मॅडम म्हणतात. स्वतः सायकलवर येते, पिवळं हेल्मेट हँडलला अडकवते.

मॅडमना रोज सकाळी खांब तपासायला माणूस हवा होता. त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझा हात वर गेला होता. काम असं: औषधाच्या दुकानापासून बँकेच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, एखादा खांब वाकला असेल तर फोटो काढायचा आणि कळवायचं. कुठला, कुठल्या बाजूला वाकला, कारण काय.

दुकानदार संघाचे अध्यक्ष कोण, तर आमचे बाबा. हे नशीब माझंच.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "तुझ्या मॅडमना विचार, डबलची गादी सायकलच्या कॅरियरला कशी बांधायची."

मी म्हटलं, "जग पुढे चाललंय बाबा."

"जाऊ दे ना जग. त्याला अडवलंय कोणी? माझं गिऱ्हाईक गाडी कुठे लावून गादी चढवणार, तेवढं सांग."

मी ताटावरून उठलो. माझ्या वाटचं धाकटीनं खाल्लं. बहीण नावाचा हा प्राणी कुठल्याही संकटात जेवू शकतो.

७ फेब्रुवारी

काल पट्टा सुरू झाला. शाळेतली पोरं, दूधवाला, पेपरवाला, बँकेतला शिपाई, सगळे हिरव्यावरून जाताना उगाच ताठ बसतात, जणू मिरवणूक त्यांचीच आहे. कानाशी हॉर्न नाही म्हटल्यावर माणसं शीळ घालतात, हे निरीक्षण माझं. मॅडमना सांगितलं, त्या हसल्या.

आई काल भाजी आणायला गेली ती फार उशिरा आली. गाल लाल, केस विस्कटलेले आणि पिशवीत नुसती कोथिंबीर. मी म्हटलं, ताप आहे का तुला. म्हणाली, नाही रे, वारा होता. बाबा गल्ल्यावरून तिच्याकडे बघत होते. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत बघितलं. म्हणजे त्यांनाही तापच वाटला असणार.

मागच्या खोलीत कापसाच्या गठ्ठ्यांआड आईची माहेरची सायकल चादरीखाली पडून असायची. ती बोळात काढून ठेवलीय. भंगारात देणार असतील. या घरात जुन्या वस्तूंची कदर नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आईबाबांना अचानक तब्येतीची काळजी वाटायला लागलीय. दोघं उजाडायच्या सुमारास फिरायला जातात. आज परत आले तेव्हा बाबा लंगडत होते. चालायचीसुद्धा सवय राहिलेली नाही माणसाला. मी तसं म्हणालो. आईनं तोंडाला पदर लावला आणि स्वयंपाकघरात गेली. फार वाईट वाटलं असावं तिला.

बँकेच्या कोपऱ्यावरचा एक खांब वाकलेला सापडला. कळवलं. कारण: अज्ञात.

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही. मॅडम मला "अरे" म्हणाल्या. एवढे दिवस "तुम्ही" चाललं होतं. आज खांबाचे बोल्ट आवळताना म्हणाल्या, "अरे, तो पाना दे." आणि मग अगदी सहज, "बाबांचा गुडघा कसा आहे?"

मी बाबांच्या गुडघ्याविषयी त्यांना कधीच काही सांगितलेलं नाही. म्हणजे त्यांनी चौकशी केली. घरच्यांची चौकशी माणूस कधी करतं, ते काही मला शिकवायला नको.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, 'अरे' तर ती बँकेपुढच्या कुत्र्यालाही म्हणते."

"आणि गुडघ्याचं काय?"

धाकटी काहीतरी बोलणार होती. मग ओठ दाबून म्हणाली, "गुडघा मात्र खरंच प्रेमाचा विषय आहे." आणि खोलीबाहेर जाऊन खोकल्यासारखी हसली. वयानं मॅडम माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. धाकटी म्हणते सहा-सात. तिचं गणित पहिल्यापासून कच्चं आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आणखी खांब वाकले. माझी तळपायाची आग मस्तकात गेलीय, पण मी डोकं शांत ठेवून तपास केला. गाडी धडकली असती तर खांब फुटपाथकडे झुकला असता. हे सगळे रस्त्याकडे झुकलेत. म्हणजे धक्का आतून, हिरव्या पट्ट्यातून बसलाय. म्हणजे कोणीतरी पट्ट्यात उभं राहून लाथ मारतंय. कारण: घातपात, असं कळवलं.

मॅडमचं उत्तर आलं: "बाजू अगदी बरोबर टिपलीस. कारणाची एवढी घाई नको." आणि पुढे हसरा चेहरा. तो चेहरा मी तीनदा उघडून बघितला.

संशय कोणावर, तर औषधवाले काका. त्यांच्या दारातली गाडी लावायची जागा गेली तेव्हापासून ते धुमसतायत. आज बाबांना म्हणाले, "रोज खांब पडतात म्हणजे रस्ता धोक्याचा झालाय. रविवारच्या सभेत विषय मिटवून टाकू." बाबा म्हणाले, "बघू." एरवी बाबांनी खांब का पडतात ते खोदून विचारलं असतं. पण बाबा गुडघा चोळत बसले.

१८ फेब्रुवारी

पहाटे पाळत ठेवली. औषधाच्या दुकानासमोर कचऱ्याच्या डब्याआड डोळ्यांत तेल घालून बसलो. काका बाहेर आले. मी श्वास रोखला. त्यांनी दोन्ही हात वर केले, कमरेत वाकले, पुन्हा वर केले. व्यायाम करून आत गेले. तेवढ्यात रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, बँकेच्या कोपऱ्यावर, धप्प असा आवाज. धावत पोचलो तोवर कोणी नव्हतं. खांब अजून हलत होता. माझ्या हातावर तुरी.

घराच्या दाराशी आईबाबा भेटले. बाबांच्या शर्टाला पाठीमागे हिरवा रंग लागलेला. काल रंगाऱ्यांनी पट्टा पुन्हा रंगवला होता, तेव्हा कुठेतरी टेकले असतील.

मी विचारलं, "येताना काही दिसलं का तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "दिसलं. पण दिसलं तेव्हा उशीर झाला होता."

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. तिला बरं नाही हे मी आधीपासून सांगतोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहवत नाही तरी लिहितो.

आज वाकलेल्या खांबाच्या बुडाशी फोमचा तुकडा सापडला. वर पट्ट्यापट्ट्यांचं कापड शिवलेलं, दोन्हीकडे बांधायला नाड्या, एक तुटलेली. गुडघ्यावर नीट बसेल असा आकार. ते कापड मी ओळखतो. रोज माझ्याच हातानं कापतो. टाके आमच्या दुकानाचे, मोठ्या सुईचे, आणि गाठ बाबांची. त्यांच्यासारखी गाठ या रस्त्यावर कोणी मारत नाही.

म्हणजे खांबांना लाथा घालणारे ते. पायाला लागू नये म्हणून गुडघ्याला गादी बांधून. आणि आई? तिला सगळं माहीत आहे. ती रडत होती ती म्हणूनच.

बाबांचा विरोध मला मान्य होता. समोरून करत होते. पण पहाटे उठून, चोरून, प्लास्टिकच्या खांबाला लाथ? जो माणूस गिऱ्हाइकाला गादी उसवून आतला कापूस दाखवतो, तो?

दुपारभर त्यांच्याकडे बघत होतो. ते एका म्हातारीला उशी दाखवत होते. दाबून बघा म्हणत होते. हेच हात, असा विचार आला. मग आठवलं की हात नव्हे, पाय. तरी वाईट वाटलंच.

२१ फेब्रुवारी

ठरलं. एका बाजूला जन्मदाता, एका बाजूला सत्य. (आणि मॅडम. पण मुख्यतः सत्य.)

धाकटीला तुकडा दाखवला. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "दादा, आधी बाबांना विचार ना एकदा."

"गुन्हेगाराला विचारतात का?"

"मग आईला विचार."

"तीही सामील आहे."

धाकटीनं कपाळावर हात मारला. "तू ना, कॉलेजात परत जा. कुठल्याही. पण जा."

२३ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली.

संघाची सभा पाळीपाळीनं एकेका दुकानात भरते. या वेळी आमच्यात होती. सगळे गाद्यांवर बसले. आमच्या दुकानात रागावून बोलणं अवघड जातं, माणूस मुद्दा मांडायला पुढे सरसावतो आणि आत रुततो. औषधवाले काका दोनदा उठले आणि दोनदा बुडाले. शेवटी रुतूनच म्हणाले, "रोज एक खांब पडतोय. आज खांब, उद्या माणूस. मी म्हणतो पट्टा काढा."

बरेच जण हो हो म्हणाले. मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर शांत बसल्या होत्या. बाबा मान खाली घालून बसलेले. मला वाटलं, आता हे हो म्हणणार आणि संपलं सगळं.

मी उभा राहिलो. "खांब आपोआप पडत नाहीत. पाडले जातात. आणि पाडणारा या दुकानात बसलाय."

खिशातून तुकडा काढून सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

धाकटीनं डोळे मिटून घेतले. आई मागच्या दारात आली होती, ती जागच्या जागी थांबली. बूटवाल्या काकांनी तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला. "अध्यक्ष, हे तर तुमचं काम दिसतंय."

बाबांचे कान लाल झाले. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. वाटलं ओरडतील. तयारीतच होतो. ते माझ्याकडे बघत राहिले, रागानं नाही. अंगावरचं पांघरूण भर बाजारात कोणीतरी ओढावं, तसं.

"माझंच आहे," बाबा म्हणाले.

औषधवाले काका म्हणाले, "म्हणजे खांब तुम्ही पाडता?"

"पाडत नाही हो. पडतो." बाबांनी चष्मा काढला. "सायकल शिकतोय. बँकेपाशी वळताना तोल जातो. खांब धरायला बघतो, तो माझ्याबरोबर येतो."

बूटवाले काका म्हणाले, "या वयात?"

"लहानपणी राहून गेलं. मग दुकान आलं. मग कोणाला सांगायची लाज." बाबा चष्मा पुसत राहिले. "पट्टा सुरू झाला त्या दिवशी ही तिची जुनी सायकल घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा… काय सांगू. मी म्हटलं, आपणही जाऊन बघावं, काय आहे तिकडे."

मागच्या दारात आईनं पदर तोंडाला लावला. या वेळी ती हसत नव्हती. म्हणजे आधी हसत होती. मला आज कळलं.

आणि मग सगळे हसले. औषधवाले काका इतके हसले की गादीवर आडवेच झाले. बाबा हसले नाहीत, पण खाली बघतही बसले नाहीत. उठून उभे राहिले आणि अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "हसून झालं असेल तर ऐका. दारात गाडी लागत नाही, गादी चढवता येत नाही, ही माझी तक्रार आजही आहे. दुपारी दोन तास पट्ट्याबाहेर माल चढवायला जागा राखून द्या, हे मी मॅडमना लिहून दिलंय. पण पट्टा काढायचा म्हणत असाल तर एक सांगतो. मी इतक्या वेळा पडलो आणि आज तुमच्यासमोर उभा आहे. कुठल्याही दुसऱ्या रस्त्यावर असाच पडलो असतो, तर ही सभा माझ्या फोटोपुढे भरली असती."

हसणं थांबलं. औषधवाल्या काकांनी उठून बसायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "माझी नात याच पट्ट्यावरून शाळेत जाते म्हणा." आणि नंतर, "दोन तास माझ्याही दारात मिळतील का?"

पट्टा राहिला. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही. पण कोणी म्हटलं नाही.

मॅडम जायला निघाल्या तेव्हा मी मागे गेलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. मी पहाटे इथूनच जाते. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, कोणाला सांगायचं नाही."

"मला तरी सांगायचं."

"तू विचारलंस कुठे? तू सांगतच होतास." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अरे, घरातली गोष्ट घरात विचारायची असते. आणि मोठ्या माणसाला शिकताना कोणी बघितलं ना, की फार लागतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा मीच शिकवली सायकल. शिकेपर्यंत त्यानं आपल्या भावाला कळू दिलं नाही."

पुढचं काही ऐकू आलं नाही.

२४ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही.

धाकटी मॅडमच्या नवऱ्याला बघून आली. ठीक आहे म्हणे.

२६ फेब्रुवारी

आईबाबा फिरायला जात नाहीत. सायकल पुन्हा चादरीखाली गेली. बाबा "शटर वर कर"सुद्धा म्हणत नाहीत, स्वतःच करतात. बाजारात त्यांना सगळे विचारतात, अध्यक्ष, आज कुठे पडलात? ते हसून उत्तर देतात आणि घरी येऊन गप्प बसतात.

खांब सगळे सरळ उभे आहेत. माझं काम नीट चाललंय. इतकं वाईट मला कॉलेज सोडतानाही वाटलं नव्हतं.

आई आज एवढंच म्हणाली, "ते तुझ्यासाठी शिकत नव्हते, पण तू घरी आल्यापासून म्हणत होते, पोराला सांगायला आपल्याकडे एक तरी गोष्ट हवी, उशिरा सुरू केलेली."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

माफी मागायची कशी ते मला येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नाही. दुपारी दुकान रिकामं असताना फोम घेतला, पट्ट्यांचं कापड घेतलं आणि गुडघ्याची एक नवी जोडी शिवली. कोपरांचीही शिवली. नाड्या दुहेरी घातल्या. गल्ल्यावर ठेवून मागे निघून गेलो.

मागून बाबांचा आवाज आला, "टाके लांब घातलेस. उसवतील."

सभेनंतरचं पहिलं वाक्य.

१ मार्च, शनिवार

पहाटे पांघरूण ओढलं गेलं. बाबा उभे, गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या बांधून. दोन पायांवर चालणारं आमचं दुकानच.

"चल. पळून पळून तुझ्या आईला धाप लागते."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आई फुटपाथवर बसली, धाकटी तिच्या शेजारी. मी कॅरियर धरलं आणि पळायला लागलो. बाबा पुढे बघत बोलत होते. एवढे महिने साठलेलं एकदम बाहेर येत होतं. "वळताना खांबाकडे बघू नको म्हणते तुझी आई, जिकडे बघशील तिकडे जाशील… तुझंही तेच झालंय… त्या सरांकडेच बघत बसलास… एक शीट फेकली तर दुसरी काढायची… इथे रोज पडतोय मी, कोण विचारतंय…"

एरवी मी पहिल्याच वाक्याला भडकलो असतो. आज उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझे हात रिकामे आहेत. मी कधीचाच मागे राहिलो होतो. बाबा एकटे चालले होते, सरळ, हिरव्याच्या मधोमध, आणि अजून मला रागवत होते. "…वय काय तुझं… ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मी लांबून म्हटलं. ओरडलो नाही, दचकले असते.

समोरून मॅडम आल्या. पिवळं हेल्मेट. बाबांना बघून त्यांनी पट्ट्याच्या कडेला सायकल घेतली, वाट दिली, आणि घंटी वाजवली नाही. माझ्या छातीत थोडं दुखलं. फार नाही.

बाबा बँकेपाशी वळले. मला वाटतं त्यांनी तिथेच मागे वळून बघितलं असावं, मी आहे का ते.

बोल्ट नवे लागतील. नाड्या टिकल्या. टाके उसवले नाहीत, हे मी बाबांना जेवताना सांगणार आहे.

मॅडमना कळवलं: खांब बँकेच्या कोपऱ्यावरचा. वाकला रस्त्याकडे, आतून. कारण: बाबा.